बिनपत्तीची क्लॅरिनेट

आधीच सांगून टाकते, ह्या गोष्टीत आमच्या शाळेला पहिला नंबर मिळतो. तरी ती आठवली की माझ्या तोंडात कडू पाणी येतं.

मी सुवर्णा, नववी ब. मागच्या वर्षापर्यंत हजेरीला 'उपस्थित' म्हणतानासुद्धा माझा आवाज पायात जायचा. मग डिसेंबरात वक्तृत्व स्पर्धेत ऐन वेळी एक मुलगी आजारी पडली, सरांनी मला ढकललं, आणि काय झालं कोण जाणे, मी बोलायला लागले ते बोलतच सुटले. खाली बसले तेव्हा टाळ्या वाजत होत्या आणि मी इकडं तिकडं बघत होते की कोणासाठी वाजतायत! तेव्हापासून आमच्या मोताळ्याच्या शाळेत माइक म्हटलं की सुवर्णा. सुविचार सुवर्णा, दिनविशेष सुवर्णा, पाहुण्यांचा परिचय सुवर्णा. मला तर वाटायला लागलं होतं की माइक आमच्याच घरून आणलाय.

जानेवारीत मुख्याध्यापक निवृत्ती सरांनी मला ऑफिसात बोलावलं.

"सुवर्णा, ऑर्केस्ट्रा म्हणजे काय, सांग बरं."

"लग्नात येतो तो ना, सर?"

"तो नव्हे गं!" सरांनी कपाळाला हात लावला आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. मोबाइलवर कुठल्या तरी परदेशातली साठसत्तर माणसं काळे कोट घालून बसली होती आणि एक जण काडी हलवत होता. सरांचे डोळे खरंच ओले झाले होते, खोटं नाही बोलत. "बघ, प्रत्येकाचं वाद्य वेगळं, पण गाणं एक. कोणी मोठा नाही, कोणी छोटा नाही. आदर्श समाज असाच असतो! तालुक्याची समूहवादनाची स्पर्धा औंदा आपल्या शाळेत आहे. आपला वाद्यवृंद वाजायच्या आधी तू ह्यावर पाच मिनिटं बोलायचं."

मी त्याच दिवशी भाषण लिहून काढलं. त्यात एक वाक्य होतं, 'बासरी कधी ढोलकीला म्हणत नाही की तू मागे बस.' सरांनी त्याच्याखाली लाल पेनानं दोन रेघा ओढल्या आणि बाजूला 'वा!' लिहिलं. मी तो कागद घरी आईला दाखवला, शेजारच्या तानाबाईंना दाखवला, दुकानात साखर आणायला गेले तर तिथंही दाखवला.

आमच्या वाद्यवृंदात अकरा जण. पेटी, दोन ढोलक्या, खंजिरी, झांजा, एक बेंजो आणि क्लॅरिनेट. बाकीच्यांना सगळं नव्यानं शिकवावं लागलं. क्लॅरिनेटचं तसं नव्हतं, कारण ती शाहीनची होती.

शाहीन पाचवीपासून माझ्या बाकावर बसते. तिचे अब्बू फकीर मोहम्मद चाचा बँड पार्टीचे मास्टर आहेत. नऊ माणसं, लाल कोट, कोटावरची जर आता पिवळी पडलेली. लग्नसराई लागायच्या आधी संध्याकाळी पाच वाजता कापसाच्या जिनिंगच्या मागच्या मैदानात त्यांची प्रॅक्टिस चालते. शाहीन लहानपणापासून तिथं चहाची किटली घेऊन जायची आणि किटली रिकामी होईपर्यंत थांबायची. मग किटली रिकामी झाल्यावरही थांबायला लागली. मग एक दिवस चाचांची जुनी क्लॅरिनेट तिच्या हातात आली.

चाचांनी तिला शिकवलं, पण बँडवाले शिकवतात तसं, म्हणजे चालत. बँडमध्ये कोणी बसून शिकत नाही. मास्टर पुढं चालतो, शिकणारा मागून. उजवा पाय पडला की सूर, डावा पडला की श्वास. आणि चाल कोण ठरवतो माहीत आहे? मास्टर नाही! मोठा ढोल ज्याच्या गळ्यात असतो तो. चाचांच्या पार्टीत ढोल आसिम चाचांकडं आहे, त्यांचं वय साठच्या वर, गुडघे दुखतात. त्यांच्या पावलानं अख्खा बँड चालतो. नवरदेवाच्या मित्रांनी कितीही 'जल्दी बे जल्दी' केलं तरी. मी एकदा चाचांना विचारलं, असं का? ते म्हणाले, "ज्याच्या अंगावर वझं जास्त, त्याची चाल. नाहीतं तो मागं राहीन ना बेटा. अन् ढोल मागं राह्यला तं मी काय एकटा बोंबलू?"

पण शाहीनला त्यांनी वरातीत कधी नेलं नव्हतं. "तिथं पोट्टे पिऊन नाचतेत. थ्या गर्दीत माही पोरगी नाही येनार," एवढंच म्हणायचे. त्यामुळं शाहीननं आजवर जे काही वाजवलं ते मैदानानं ऐकलं होतं आणि तिथं चरणाऱ्या बकऱ्यांनी. माणसांसमोर एकदाही नाही. शाळेच्या गाण्यात मधोमध पाऊण मिनिटाचा एकटीचा तुकडा तिला मिळाला तेव्हा तिनं माझा दंड इतका दाबला की वळ उठला.

"सुवर्णा, त्या दिवशी पाहुन्यायच्या स्वागताले गेटवर आपलाच बँड सांगतला आहे. म्हंजे अब्बू तिथंच उभे राह्यतीन. आयकतीन."

"मग ऐकून काय म्हणतील?"

"काही नाही म्हनत ते. पन वाईट वाजवलं की मान हालवतेत. मान नाही हालवली पाह्यजे, बस."

एवढीच तिची इच्छा. लोकांसमोर एकदा वाजवायचं आणि बापानं मान हलवायची नाही.

आता गजेंद्र सर. गजेंद्र सर चित्रकलेचे आहेत, पण संगीताला कोणी नाही म्हणून वाद्यवृंद त्यांच्याकडं. त्यांनी आम्हाला चित्रासारखंच मांडलं. ड्रॉइंगच्या कागदावर अकरा गोल काढले, उंच मुलं कडेला, बुटकी पुढं, पेटी डावीकडं. मधोमध पुढच्या गोलात लिहिलं होतं 'क्लॅ.' त्या गोलात शाहीन चार दिवस बसली. पाचव्या दिवशी त्या गोलात पुष्पांजली होती.

पुष्पांजली दहावीत आहे आणि संस्थेच्या अध्यक्षांची नात आहे. अध्यक्षच त्या दिवशी प्रमुख पाहुणे. तिच्या हातात नवीकोरी चकचकीत क्लॅरिनेट होती, खोक्याला अजून सेलोटेप चिकटलेली.

"सर, मले तं फुकता बी येत नाही," पुष्पांजली म्हणाली. तिचाही चेहरा पडलेला होता, हे मला सांगितलंच पाहिजे.

"अगं, फुंकून तर बघ."

तिनं फुंकलं. डुकराच्या पिल्लावर कोणी पाय दिल्यासारखा आवाज आला. ढोलकीवाल्यानं ढोलकीतच तोंड घातलं हसायला. सरांनी शांतपणे तिच्या हातातून क्लॅरिनेट घेतली, वरच्या टोकाचा स्क्रू ढिला केला आणि पत्ती काढून घेतली. ही पत्ती म्हणजे वेताची पातळ चपटी काडी असते. ती ओठाखाली थरथरते म्हणून आवाज येतो. पत्ती नसली की क्लॅरिनेट म्हणजे नुसती भोकं पाडलेली नळी. सरांनी पत्ती खडूच्या डबीत टाकली, डबीचं झाकण लावलं आणि म्हणाले, "आता कितीही फुंक. फक्त बोटं हलव. शाहीन मागच्या पडद्याआड उभी राहून वाजवेल."

सगळे आपापल्या वाद्याकडं बघायला लागले. मीच बोलले, कारण मला आता सवय झाली होती बोलायची.

"सर, मग नवी क्लॅरिनेट शाहीनला द्या ना. तिची जुनी एका बाजूनं तडकलीये. पुष्पांजलीला काय, कुठलीही चालेल."

सर माझ्याजवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पुष्पांजलीच्या घरून निरोप आहे. दुसऱ्याच्या तोंडची नको म्हणतात. त्यातून... असो. ज्याच्या त्याच्या घरची रीत असते."

ते 'त्यातून' मला असं लागलं! पुढचा शब्द त्यांनी गिळला, पण तो काय होता ते बाकावरच्या धुळीलाही कळलं. शाहीन आणि मी पाच वर्षं एकाच काडीचा गोळा चोखतोय. एक बोर अर्धं तिनं चावायचं, अर्धं मी. आणि जी कोणी क्लॅरिनेटमध्ये फुंकणारच नव्हती, तिला शाहीनचं तोंड लागलेलं चालत नव्हतं. मात्र शाहीनच्या तोंडचा सूर चालत होता. तो काय धुऊन घेणार होते का?

मधल्या सुट्टीत मी शाहीनवरच चिडले. "तू हो कशी म्हणालीस?"

"मंग काय नाही म्हनू? मले वाजवाले भेटून राह्यलं ना? नाही म्हनलं तं थेही गेलं."

"पडद्यामागून!"

"अब्बू गेटवर हायेत. तिथून तसंही चेहरा नाही दिसत कोनाचा. आयकू तं येते ना." मग डबा बंद करत ती हळूच म्हणाली, "मी वाजवलं तं त्याईले कळतेच. माह्या श्वासाची जागा त्याईले माहीत आहे."

पडदा म्हणजे स्टेजच्या मागं लावलेलं निळं कापड. त्याच्या मागं भिंत, आणि मधे तीन फुटांची बोळ. तिथं जुन्या सतरंज्या, उंदराच्या लेंड्या, कोपऱ्यात कोणा मोठ्या माणसानं मारलेली तंबाखूच्या खर्ऱ्याची पिचकारी, वाळून तपकिरी झालेली. अशा जागेत उभं राहून शाहीननं पहिल्या दिवशी तोंडाला क्लॅरिनेट लावली, डोळे मिटले आणि वाजवायला लागली. आणि चालायला लागली! ती काय करणार, तिला तसंच येतं. सहा पावलांत पडदा संपला आणि बाई स्टेजवर! पुष्पांजली पुढं बोटं हलवतेय आणि तिच्या शेजारून शाहीन डोळे मिटून वाजवत चालली आहे. आम्ही इतके हसलो की पेटीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

सर हसले नाहीत. "एका जागी उभी राहून वाजव."

तिनं प्रयत्न केला. पण पाय थांबला की तिचा श्वास चुकायचा, सूर मधेच बसायचा. सरांनी तिला खुर्चीवर बसवून पाहिलं. तिच्या पायांवर सतरंजीची गुंडाळी ठेवून पाहिलं. मग वैतागून ते माझ्याकडं वळले, "सुवर्णा, तुझं भाषण झालं की तू मोकळीच आहेस. मागं जाऊन हिला धरून ठेव."

"कुठं धरू?"

"ओढणीला धर की."

आमच्या गणवेशाची ओढणी दोन्ही खांद्यांवरून घेऊन मागं कमरेला पिन लावतात. मी शाहीनच्या मागं उभी राहिले आणि ती ओढणी मुठीत धरली. ती वाजवायला लागली. चालायला गेली. मी ओढलं. ती जागच्या जागी पाय उचलायला लागली, डावा उजवा, डावा उजवा, बाजारात विकायला आणलेली बकरी दोरीला करते तशी. सूर मात्र नीट आला. सर पडद्याच्या पलीकडून म्हणाले, "शाबास! आता बसलं!"

मी तीन दिवस धरली ती ओढणी. कोणी माझ्या डोक्यावर काठी घेऊन उभं नव्हतं. सरांनी सांगितलं, मी धरली. मला माइकवर बोलायचं होतं ना.

घरी मी हे सगळं आईला तिखटमीठ लावून सांगितलं. पत्ती, खोकं, ते 'त्यातून', सगळं. माझी आई गावात आशाताई आहे, दिवसभर फिरून येते आणि भाकरी थापता थापता सगळं ऐकते. मी म्हटलं, "किळस येते गं आई ह्या लोकांची."

"अन् तू काय करून राह्यली होती तवा?"

"मी शाहीनला धरलं होतं."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. मला त्या दिवशी भाकरी गेली नाही.

स्पर्धा शनिवारी होती. गेटवर चाचांचा बँड लाल कोटात उभा होता. अध्यक्ष गाडीतून उतरले तेव्हा बँड वाजला, हार घातले, अध्यक्ष आत आले आणि बँडवाल्यांना कोणी तरी 'तिकडंच थांबा' म्हणून हात केला. बसायला काही नव्हतं. आसिम चाचांनी ढोल गेटच्या कठड्याला टेकवला.

मी बोलले. काय सांगू, फार चांगलं बोलले! 'बासरी कधी ढोलकीला म्हणत नाही' ह्या वाक्याला टाळ्या आल्या. परीक्षकांतल्या चष्मेवाल्या बाईंनी मान डोलावली. अध्यक्ष शेजारच्याच्या कानात काही तरी म्हणाले आणि दोघं माझ्याकडं बघून हसले. निवृत्ती सरांनी रुमाल काढला. मी खाली वाकून नमस्कार केला आणि पडद्याकडं धावले. बोळीत शिरले तर तोच वास. शाहीन भिंतीला टेकून पत्ती ओली करत होती. मी तिच्या मागं उभी राहिले आणि ओढणी मुठीत घेतली. पाच मिनिटांपूर्वी ज्या तोंडानं मी आदर्श समाज सांगितला, त्याच अंगाला हा हात होता.

गाणं सुरू झालं. पेटी, ढोलक्या, झांजा. मग ढोलक्या थांबल्या आणि तिचा तुकडा आला. पडद्याला मधे एक भोक होतं, त्यातून मला पुष्पांजलीची पाठ आणि तिच्या पलीकडं थेट गेट दिसत होतं. शाहीन जोरात होती त्या दिवशी. जागच्या जागी पाय उचलता उचलता तिनं ओढ घेतली, मी मागं ओढलं, ओढणी तिच्या गळ्याला घासली आणि सूर फाटला.

गेटवर चाचांनी मान वर केली. आवाज कुठून येतोय ते शोधल्यासारखं लाउडस्पीकरच्या कर्ण्याकडं बघितलं. पुढचा सूर आला, मी पुन्हा ओढलं, तोही लंगडा आला. आणि चाचांनी मान हलवली.

एकदाच. हळू. पण हलवली.

ते समजत होते की तिला येत नाही! ह्यात तिची काय चूक होती? तिचा गळा माझ्या मुठीत होता आणि बाप गेटवर उभा राहून तिच्या नावावर चूक मांडत होता.

मी मूठ उघडली.

शाहीनला कळलंसुद्धा नाही. तिचे डोळे मिटलेले होते. उजवा पाय पडला, डावा पडला, आणि सूर असा सरळ निघाला जसा मैदानात निघतो. सहा पावलं. पडदा संपला. ती स्टेजवर आली. पुष्पांजली बोटं हलवतच होती, मग तिनं बाजूला पाहिलं आणि तिची बोटं थांबली. आवाज थांबला नाही. समोर आधी कुजबुज झाली, मग हसू आलं, मग तेही बंद झालं. शाहीन स्टेजच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवत चालत गेली. ढोलकीवाल्यांनी कोणी न सांगता तिच्या पावलावर ठेका धरला. पाऊण मिनिट म्हणजे किती मोठं असतं ते मला तेव्हा कळलं.

गेटवर चाचांनी आपली क्लॅरिनेट काखेतून काढली आणि तिचं तोंड खाली करून दोन्ही हातांत धरली. दुसरा मास्टर वाजवत असला की बँडवाले अदबीनं तसं करतात. मी हे दुसऱ्या बँडसमोर त्यांना करताना पाहिलंय. शाहीननं मात्र पाहिलं नाही, तिचे डोळे मिटलेलेच. तिला मी नंतर सांगितलं. तिनं मला ते तीन वेळा सांगायला लावलं.

इथं गोष्ट संपली असती तर काय हवं होतं!

गाणं संपलं. मला वाटलं आता सगळं उघडं पडलं, आता कोणी तरी विचारेल की हा काय प्रकार आहे. निवृत्ती सरांचा चेहरा कागदासारखा झाला होता. चष्मेवाल्या परीक्षक बाई उभ्या राहिल्या, माइक मागवला आणि म्हणाल्या, "काय सुंदर कल्पना! पुढे मूक वाद्य आणि मागून चालत येणारा त्याचा आत्मा! इतक्या लहान गावात इतका विचार!"

निवृत्ती सरांनी लगेच हात जोडले. "हो मॅडम. संकल्पनाच तशी होती."

बघा! किती सोपं! सत्य उघडं होऊन स्टेजवर चालत आलं, आणि ह्यांनी त्याच्याही गळ्यात हार घालून त्याला आपल्यात घेतलं. पहिला नंबर. ढाल अध्यक्षांनी दिली आणि पुष्पांजलीनं घेतली, आजोबांच्या हातून नातीनं. फोटो काढताना गजेंद्र सर शाहीनला म्हणाले, "तू जरा कडेला हो बाळा, ढाल झाकली जाते."

आणि सोमवारी त्याहून घाण झालं.

गजेंद्र सरांनी आम्हाला बोलावलं. जिल्ह्याची फेरी बुलढाण्याला होती. कागदावर पुन्हा अकरा गोल काढलेले, आणि ह्या वेळी पडद्यामागून एक बाण निघून स्टेजवर गेलेला. "हेच परत करायचं. फक्त नीट. सुवर्णा, तू ओढणी धरायची, मनात एक ते सात मोजायचं आणि सातला सोडायचं. लवकर नाही, उशिरा नाही. बरोबर सातला."

आयुष्यात मी एकच गोष्ट कोणी न सांगता केली होती, आणि आता ती मला मोजून करायला सांगत होते. माझी उघडलेली मूठसुद्धा त्यांनी कागदावर काढली होती!

"मी नाही धरत सर."

"म्हणजे?"

"धरलीच नाही तर सोडायचं काय?"

निवृत्ती सर तिथंच होते. "बाळा, शिस्त नसेल तर समाज कसा चालेल? तूच बोललीस ना इतकं छान?"

"ते भाषण मी आता बोलणार नाही सर. मला ओकारी येते त्याची."

"फार तोंड सुटलंय हिला," गजेंद्र सर म्हणाले. ते खरं होतं. सोडलं कोणी? शाळेनंच तर माइक दिला होता. मग ते शाहीनकडं वळले, "शाहीन, तुझं काय? हिच्या नादी लागतेस की वाजवतेस?"

शाहीननं क्लॅरिनेट दोन्ही हातांत धरली होती. मला वाटलं ती हो म्हणेल, आणि मी तिला काहीच म्हटलं नसतं. ती म्हणाली, "सर, खडूच्या डबीतली पत्ती काहाडा. हिच्या बाजाले लावा. मी शिकवते हिले. मंग दोघी बी समोरूनच वाजवू."

पुष्पांजलीनं चटकन मान वर केली.

"वेळ नाही तेवढा," सर म्हणाले, आणि कागदावरचा बाण खोडून टाकला.

तर आम्ही दोघी बुलढाण्याला गेलो नाही. शाळेची गाडी गेली, दुपारी शाळेच्या ग्रुपवर फोटो आले, दुसरा नंबर. मी शाहीनला विचारलं, क्लॅरिनेट वाजवली तरी कोणी? ते आम्हाला पुष्पांजलीनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती स्वतः पाण्याच्या टाकीजवळ आली.

"सरनं मोबाइलवर शाहीनची प्रॅक्टिस भरून ठेवली होती. थेच लावली स्पीकरले. मी बोटं हालवले." तिनं टाकीचा नळ बंद केला. "तिच्या चपलेचा आवाज बी आला त्यात. टप टप, टप टप. एका परीक्षकानं इचारलं, हा ठेका कशाचा आहे? सर म्हने, लाकडी वाद्य आहे एक."

शाहीनला हसू फुटलं. मलाही. तिची चप्पल बुलढाण्याला जाऊन आली! हसता हसता माझ्या घशात तेच कडू पाणी आलं. तिचा श्वास नेला, चप्पल नेली, ती तेवढी नेली नाही.

पुष्पांजली हसली नाही. तिनं मूठ उघडली. मुठीत पत्ती होती, खडूनं पांढरी झालेली. "डबीतून आनली. शिकवशीन म्हनली होती ना?"

शाहीननं पत्ती घेतली, कुर्त्याला पुसली आणि सवयीनं तोंडात धरली, कारण पत्ती आधी ओली करावी लागते, कोरडी वाजत नाही. मग तिच्या लक्षात आलं. तिनं ती काढली आणि तशीच पुढं धरली. ओली. पुष्पांजलीनं त्या पत्तीकडं पाहिलं. मी तिच्या तोंडाकडं पाहत होते, डोळेसुद्धा न मिटता. तिनं रुमाल काढला, पत्ती पुसली, पुन्हा पुसली. मग पुष्पांजलीनं ती ओठांत धरली, पण तिचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला. मला तिचं कौतुक करावंसं वाटलं नाही. दोन वेळा पुसलेलं मी विसरणार नाही. पण ओठांत धरली, हेही खरं.

वरातीत चाचांनी शाहीनला अजून नेलेलं नाही. पण गेल्या रविवारी जिनिंगच्या मैदानात ते तिला म्हणाले, "किटली ठेव थ्या तिकडं. लायनीत ये. मागं नाही, माह्या बाजूनं." मीही गेले होते. मला त्यांनी खुळखुळा दिला आणि सगळ्यांच्या शेवटी उभं केलं, कारण मला त्यातलं काहीच येत नाही. माझा हात सारखा चुकत होता. आसिम चाचा म्हणाले, "हे पोरगी बोलते चांगली, वाजवते मात्र रताळ्यासारखी."

अर्ध्या मैदानात आसिम चाचांच्या ढोलाचा पट्टा घसरला. ते थांबले. पुढं कोणी वळून पाहिलं नव्हतं, तरी सगळी रांग थांबली, फक्त सूर थांबला नाही. चाचा, शाहीन, ताशेवाले, सगळे जागच्या जागी पाय उचलत राहिले, डावा उजवा, डावा उजवा, आसिम चाचा पट्टा बांधेपर्यंत. शाहीनही तशीच पाय उचलत होती, अगदी त्या पडद्यामागं उचलायची तशी. मी तिच्या ओढणीकडं पाहिलं. ती मागं मोकळी हलत होती.

मग ढोल वाजला आणि आम्ही निघालो.